गर्जे मावशींचा संशय

गर्जे मावशी पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा त्यांनी औषध मागितलं नाही. त्यांनी भिंतीवर टांगलेला माझा परवाना वाचायला घेतला. केडगावात, पुणे रस्त्यापासून जरा आत माझं मेडिकल आहे. परवाना टांगायचा नियम आहे म्हणून तो टांगलेला, आणि कुणी बघत नाही म्हणून त्याच्यावर धूळ बसलेली. मावशींनी पदरानं काच पुसली, चष्मा वर सरकवला आणि ओठ हलवत शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. मग वळून मला म्हणाल्या, "ह्ये नाव तुमचंच का? का कुनाचं भाड्यानं आनलंय?"

दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मला राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर मेडिकल चालवणारे लोक आमच्या धंद्यात आहेत, हे मला ठाऊक होतं. मी आधारकार्ड काढून दाखवलं. त्यांनी ते वाचलं, परत केलं आणि आपल्या नवऱ्याच्या फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

मावशी मूळच्या पाथर्डीकडच्या. एस.टी.त वाहक म्हणून त्यांची नोकरी झाली. बाया खांद्याला तिकिटाचं मशीन अडकवून गाडीत उभ्या राहायला लागल्या, त्या पहिल्या काही जणींपैकी त्या एक. निवृत्तीनंतर नवऱ्याला घेऊन आमच्या कॉलनीत दोन खोल्यांत राहायला आल्या. मूलबाळ नव्हतं. नवरा, आसाराम तात्या, मऊ स्वभावाचा माणूस. देवळातल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचा आणि बाकी वेळ मावशींच्या मागे पिशवी धरून चालायचा. मावशी म्हणायच्या, "माजा जलम आर्धं तिकीट मागनाऱ्या मिशीवाल्या पोरांत गेला. मी कुनाच्या तोंडाकडं बघून इश्वास ठेवीत न्हाई."

त्यांचा संशय सगळीकडे सारखा पसरलेला होता. गॅसची टाकी आली की दारातच ताणकाट्याला लावून वजन बघायच्या, आणि टाकी आणणाऱ्याला तोवर थांबवून ठेवायच्या. शेंगदाणा तेलाचा डबा घेताना दुकानदाराला बारीक अक्षरातला मजकूर मोठ्यानं वाचायला लावायच्या. त्यात पामतेलाचं नाव निघालं की दुकानदार हसायचा, त्या हसायच्या नाहीत. एकदा माझ्या स्कूटरवर नगरला जाताना पंपावर त्यांनी पेट्रोल मापून दाखवायला लावलं. असं माप पंपावर ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर दाखवावं लागतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, मी शरमेनं मान खाली घातली. माप बरोबर भरलं. मावशी एवढंच म्हणाल्या, "आज बरुबर हाय."

मी एकदा त्यांना म्हटलं, मावशी, आता कायदे आहेत, खाती आहेत, ग्राहक राजा आहे असं सरकारच सांगतं. त्या म्हणाल्या, "राजा म्हनत्यात खरं. पर राजाला लुबाडायलाच लोक दरबारात येत्यात ना?" आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य: "भरवसा देवावर ठिवावा, मानसाकडनं पावती घ्यावी."

हा संशय कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आईबाप ऊसतोडीला जायचे. कोल्हारच्या बाजूला नदीकाठी त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या होत्या. तिथं धाकट्या भावाला ताप आला. एका दुकानदारानं खोकल्याचं म्हणून लाल औषध दिलं. पोरगं ते प्यायलं, झोपलं आणि उठलं नाही. औषधानं गेलं की तापानं, ते कुणाला कळलं नाही, कुणी विचारलंही नाही. मावशी म्हणाल्या, "बाटलीवर कागूद न्हवता. आय रडत हुती आन् मी बाटली उलटीपालटी करत हुते, कुठं काय लिवलंय का म्हनून." एवढं सांगून त्या उठून गेल्या.

पुढं तात्यांच्या फिट वाढल्या. आधी कधीमधी यायच्या, त्या आता दर आठवड्याला यायला लागल्या. एकदा देवळाच्या पायरीवर पडले आणि भुवईला टाके पडले. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण वाढवलं, तरी फरक पडेना. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वेळेवर घेत नसतील. मावशी म्हणाल्या, मी सवताच्या हातानं डब्बी भरून देते. आणि मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

त्या दुकानात आल्या, गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "ही गोळी खरी न्हाई."

मी समजावलं. कंपनी मोठी, माल बिलानं घेतलेला, पट्टीवर सगळं छापलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शिक्का खरा आसला म्हंजी आतला माल खरा आसतो व्हय? माझा तोल गेला. एवढा संशय असेल तर दुसरीकडून घ्या, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या की दुसरीकडं जाऊन काय कळणार, तपासलं तरच कळंल.

आणि त्या खरोखरच औषध निरीक्षकाच्या कार्यालयात गेल्या. विकत घेतलेलं औषध सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा हक्क साध्या गिऱ्हाइकाला कायद्यानं दिला आहे. मी ते परीक्षेपुरतं शिकलो होतो आणि विसरलो होतो. मावशींनी ते शोधून काढलं, तिथल्या कारकुनालाही पटवून दिलं. काही दिवसांनी निरीक्षक माझ्या दुकानात आले. तरुण, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तात्यांच्या गोळीचा नमुना घेतला, आणि आलोच आहोत तर म्हणून फळीवरची आणखी काही औषधं निवडून त्यांचेही नमुने सील केले.

कॉलनीत बातमी पसरली ती 'मेडिकलवर धाड पडली' अशी. गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जायला लागली. रोज नमस्कार करणारे लोक मान वळवून पुढं जायचे. माझ्या बायकोनं मावशींशी बोलणं टाकलं. मावशींवर त्याचा काही परिणाम दिसला नाही. त्या औषध घ्यायला माझ्याकडेच येत राहिल्या. मी त्यांना त्याचं कारण विचारलं, तर म्हणाल्या, "नजर ठिवायला नको?"

बरेच महिने गेले आणि तात्यांच्या गोळीचा अहवाल आला. गोळी चांगली होती. जेवढं औषध असायला हवं तेवढं तिच्यात होतं. मला वाटलं, आता बाई माफी मागतील. त्यांनी तो कागद उजेडात धरला, मागून पुढून बघितला आणि म्हणाल्या, "चांगला आलाय. पर ह्यो तरी कुनी तपासलाय?" मी हात जोडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा अहवाल आला. फळीवरून उचललेल्या नमुन्यांत एक अँटिबायोटिक होतं. त्या गोळीत औषध नव्हतंच. नुसती पांढरी भुकटी दाबून गोळी केलेली. वेष्टन नीट, छपाई नीट, किंमत नीट, आत काही नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली. परवाना जाण्याची वेळ होती. पण नोटिशीपेक्षा दुसरीच गोष्ट मला छळत होती. पायाला जखम होऊन ताप आलेल्या भाजीवाल्या शांताबाईला त्याच गोळ्या दिल्याचं मला आठवत होतं. ताप उतरेना म्हणून तिला दवाखान्यात भरती करावं लागलं होतं. ती बरी झाली होती. पण बाकीचे कोण होते, कुठं होते, ते मला कसं कळणार?

सुनावणीला मी एकटाच निघालो होतो. कार्यालयाच्या पायरीवर मावशी उभ्या होत्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. मनात आलं, या माझ्याविरुद्ध बोलायला आल्या असणार. माझा कुणावरच विश्वास उरला नव्हता.

आत साहेबांनी माझी खरेदीची बिलं पाहिली. घाऊक विक्रेता परवानाधारक होता, बिलं होती. तरीही ते म्हणाले, बिलं तर सगळेच दाखवतात. तेव्हा मागच्या बाकावरून मावशी उठल्या. साहेबांनी विचारलं, तुम्ही यांच्या कोण. त्या म्हणाल्या, "मी ह्यांची तक्रारदार. ह्या मानसावर माजा संशय हुता. म्हनून मी ह्याच्या दुकानावर नजर ठिवली. टेम्पोतनं माल उतरताना मी समोरच्या कट्ट्यावर बसलेली असायची. एकदा बिनबिलाचा, स्वस्तातला माल घिऊन एकजन आलता. ह्यानं त्याला पायरी चढू दिली न्हाई. ह्यो फसला आसंल, सायेब, पर फसवनारा न्हाई. फसवनारा वर हाय. तकडं जावा."

मला तो बिनबिलाचा माणूस आठवतही नव्हता. माझ्याबद्दल चांगलं बोलणारे लोक मी आयुष्यात पाहिले आहेत, पण माझ्यावर इतके दिवस संशय घेऊन मग कुणी बोललेलं नव्हतं. माझा परवाना राहिला. निरीक्षक पुरवठ्याच्या वरच्या साखळीच्या मागे लागले. त्या गोळीचा माल जिल्ह्यातल्या दुकानादुकानांतून परत मागवला गेला आणि तो पुरवणाऱ्यांवर खटला दाखल झाला. वेष्टनावर जो कारखान्याचा पत्ता होता, तो दुसऱ्या राज्यातला निघाला आणि त्या पत्त्यावर म्हणे रिकामा प्लॉट होता. इथं आमच्या नागापूरच्या एमआयडीसीत साधा पत्रा कापायचा कारखाना काढायचा तर किती खाती येऊन बघून जातात. आणि तिकडे रिकाम्या प्लॉटवर औषधं तयार होत होती.

परत येताना रिक्षात मावशी म्हणाल्या, त्याच प्रयोगशाळेनं ती गोळी खोटी म्हटली, म्हंजी लबाडी पकडत्यात ते. मग आमची गोळी खरीच. डाक्टर बरा हाय, तुमी बरं हाय, गोळी बरी हाय. मग फिट का येती?

 मावशींच्या सहवासानं मलाही शंका काढायची सवय लागली होती. दुसऱ्या दिवशी त्या दळण आणायला गेल्या असताना मी त्यांच्या घरी गेलो आणि तात्यांना सरळ विचारलं की गोळी रोज घेता का. तात्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. मग म्हणाले, "भजनाच्या दिवशी न्हाई घेत, सुनीलभाऊ. त्या गोळीनं हात जड व्हत्यात. थाप पडत न्हाई. दुसरं येतंय काय मला?" डबीतली गोळी ते तुळशीच्या कुंडीत पुरायचे. तिला सांगू नका, म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हीच सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल. त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात आल्या आणि आतल्या स्टुलावर बसल्या. गर्दी ओसरेपर्यंत तिथंच थांबल्या. मला वाटलं, रागावल्या असतील. त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "साऱ्या दुनियेवर संशय घेतला. घरात घ्यायचं मनात सुदिक आलं न्हाई." मग विचारलं, हात जड न होणारी गोळी नसती का. आम्ही दोघं तात्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तात्यांनी खरं सांगितल्यावर डॉक्टरांनी औषध बदललं. फिट अगदी थांबल्या नाहीत, पण देवळातला पखवाज पुन्हा नीट वाजायला लागला. पखवाज चालू असताना मावशी बाहेरच्या ओट्यावर पाठ टेकून बसायच्या. आत कधी गेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, आत पुजारी ताटातल्या दक्षिणेकडं बघतो.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. कावीळ झाली, ती पोटात उतरली. आजार लपवला नाही, वाढवलाही नाही. शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी प्रकृतीचं काही सांगितलं नाही. त्या रिकाम्या प्लॉटवाल्याचा खटला कुठवर आला, ते विचारलं. मी म्हटलं, तारखा पडताहेत. त्या म्हणाल्या, "पडू द्या. तारीख चुकवू नका म्हंजी झालं. आपन गेलो न्हाई की त्यांना वाटतं, समदे इसरले."

खटला अजून चालू आहे. मी साक्षीदार आहे. आरोपींचे वकील दर वेळी नवीन असतात, कारणं जुनीच असतात. कधी कागद आले नाहीत, कधी कुणी आजारी पडलं. निकाल लागेल की नाही, लागला तर कुणाला शिक्षा होईल, याबद्दल माझ्या मनात शंकाच आहे. मावशींना काही अपेक्षा होती का, तेही मला सांगता येत नाही.

त्या गेल्यावर पहिली तारीख आली त्या दिवशी मी कोर्टात पोचलो, तर मागच्या बाकावर तात्या बसलेले. धुतलेलं धोतर, टोपी, बाजूला पाण्याची बाटली. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. एकटेच बसनं आले होते. प्रकरण पुकारलं गेलं, पुढची तारीख पडली. बाहेर पडताना समोरच्या वकिलांनी त्यांना हटकलं. या प्रकरणात तुम्ही कोण, फिर्यादी की साक्षीदार, असं जरा दरडावूनच विचारलं.

तात्यांनी टोपी नीट केली.

"मी कुनी न्हाई, सायेब," ते म्हणाले. "नुस्तं बघायला आलोय."