टिक केलेली वही

दहावीला इंग्रजीत तीनदा नापास झालेला माणूस एक तर इंग्रजीचं तोंड बघत नाही, नाहीतर हात धुऊन तिच्या मागे लागतो. पुणतांब्याचा रंगनाथ दुसऱ्या प्रकारातला. शुगर फॅक्टरीच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्या घेता घेता त्याने एक जाडजूड डिक्शनरी पार झिजवली. कुणी ट्रॅक्टर आडवा लावला की तो शांतपणे म्हणायचा, "यू आर ऑब्स्टिनेट," आणि 'हट्टी' एवढाच अर्थ असलेला तो शब्द शिवी समजून ड्रायव्हर मुकाट ट्रॅक्टर मागे घ्यायचा.

मुलगी धनश्री आठवीत गेली तेव्हापासून घरात कायदाच झाला. रोज एक अवघड शब्द, त्याचा अर्थ आणि एक वाक्य. "वाक्य घरातलं पायजे आन् खरं पायजे," रंगनाथ बजावायचा. "खोट्या वाक्यात शब्द टिकत न्हाई." दर रविवारी तो वही घेऊन बसायचा, लाल पेनाने टिक करायचा आणि खाली सही ठोकायचा. वाचायचा मात्र फक्त शब्द आणि अर्थ. पोरीची वाक्यं बरोबरच असणार, असा त्याचा विश्वास. खरं तर तो आळस होता, पण बापलोक त्याला विश्वासच म्हणतात.

धनश्री बी.एस्सी. झाली तरी हा कायदा चालूच होता. तीन महिन्यांपूर्वी श्रीरामपूरचं स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, शेती पाण्याखालची. आज सुपारी फुटणार होती. एकदा सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग मागे फिरणं नाही. ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली होती. मुलाचे चुलते आबासाहेब हायस्कुलात मास्तर. अडकित्ता हातात घेऊन ते कौतुकाने म्हणाले, "पोरीचं इंग्रजी लई पक्कं हाय म्हनं?"

रंगनाथला तेवढंच हवं होतं. तो उठला आणि आतून वही घेऊन आला. धनश्री चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. "पप्पा, वही नको," असं ती म्हणेपर्यंत त्याने पान उघडलंही.

"रिलक्टंट," त्याने खणखणीत आवाजात वाचलं. "म्हंजे मनातून राजी नसलेला." मग वाक्य वाचायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. इंग्रजीत लिहिलं होतं, मी या लग्नाला मनातून राजी नाही, मला पुढे शिकायचं आहे.

आपलंच इंग्रजी चुकतंय, असं त्याला वाटलं. त्याने पान उलटलं. फ्यूटाइल, म्हणजे व्यर्थ. आईपुढे रडणं व्यर्थ आहे. आणखी पुढे ॲक्विएस, म्हणजे मुकाट्याने कबूल होणे. पप्पांसाठी मी मुकाट्याने कबूल होईन. प्रत्येक पानावर लाल टिक, आणि खाली त्याची लफ्फेदार सही. चारचौघांत अब्रू जाईल ही भीती त्याला नंतर वाटली. आधी धक्का बसला तो स्वतःच्या सह्यांचा.

"तू मला सांगितलं का न्हाई?" तो कसाबसा बोलला.

धनश्रीने ट्रे खाली ठेवला. "सांगितलं की, पप्पा. दर आठवड्याला सांगितलं. तुमी टिक करून वही परत देत हुता. मला वाटलं, तुमी वाचलं, आन् तरीबी तुमाला हेच करायचं हाय."

आबासाहेबांच्या अडकित्त्यात सुपारी तशीच धरलेली होती. "काय लिव्हलंय, रंगनाथराव? वाचा की," ते म्हणाले.

रंगनाथने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. स्थळ आल्यापासूनचं एकेक वाक्य त्याने मराठीत करून वाचलं, ओसरीवरच्या शेवटच्या माणसालाही कळेल असं. मध्ये दोनदा तो अडखळला, तेव्हा त्याने तेच वाक्य पुन्हा वाचलं. ती पानं संपल्यावर त्याने वही आबासाहेबांपुढे धरली.

"ह्या सगळ्या वाक्यांखाली सही माझी हाय," तो म्हणाला. "वाचली मात्र आज पहिल्यांदा. तेवढी सुपारी खाली ठेवा."