लव्हाळ्यात थांबणारी नदी

सोमवारी सकाळी माझी पत्नी सुमती वारली.

सुमती भेस्तानच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्तीनंतर ती मोबाइलवर उपग्रहाची चित्रं लावून नद्यांवरून बोट फिरवत बसे. उगमापासून निघायची, एकही वळण गाळायची नाही. मी चहाला हाक मारली की म्हणे, "थांबा हो, अजून डोंगरातच आहे मी."

मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या लॅक्लन नदीवर तिचं बोट थांबलं. पूर्वेच्या डोंगरात उगम पावून ही नदी पश्चिमेच्या सपाट माळावर उतरते, फाटे फुटून रोडावत जाते आणि शेवटी लव्हाळ्यांच्या दलदलीत जिरते. मोठा पूर आला तरच तिचं पाणी पुढच्या मरंबिजी नदीपर्यंत पोचतं. शाळेच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियाचा नकाशा सुमतीनंच रंगवला होता. त्यात तिनं लॅक्लन थेट नेऊन मरंबिजीला मिळवली होती.

"आठवीतल्या सुनंदानं वहीत ती अर्ध्यातच सोडली होती," ती म्हणाली. "'रेघ ओढण्याआधी उतार बघ,' असं मी सगळ्यांना सांगायचे. आणि तिलाच फळ्यापाशी उभं करून वर्गाला हसवलं. पुढच्या आठवड्यापासून पोरगी शाळेत आलीच नाही."

याला वीस वर्षं झाली होती. तरी सुनंदाचा पत्ता काढत आम्ही तीन आठवडे स्कूटरवर फिरलो. कतारगामच्या एका कारखान्यात ती साड्यांवर खडे चिकटवताना सापडली. सुमतीनं तिला मोबाइलवर ती दलदल दाखवली आणि आपली चूक सांगितली.

सुनंदा हसतच सुटली. "अहो बाई, मला कुठं काय माहीत? घंटा वाजली म्हणून सोडली होती!"

"कारण काही असो. नकाशा तुझा बरोबर होता."

"मग आता मार्क देता का?"

"देते. पण आधी सांग, शाळा माझ्यामुळं सोडलीस?"

सुनंदानं हातातला खडा नीट बसवला. "वर्ग हसला ते लागलं होतं, बाई. पण शाळा सुटली ती बापाचं काम सुटलं म्हणून."

मला हायसं वाटलं. घरी आल्यावर सुमती म्हणाली, "लागलं होतं म्हणाली ना ती." सुनंदाचं दुसरं वाक्य तिनं स्वतःच्या बचावाला कधीच वापरलं नाही. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, स्टुलावर चढून ब्लेडनं जादा रेघ खरवडली आणि खाली लिहिलं, 'दुरुस्ती सुनंदाच्या वहीवरून.'

नकाशा अजून भिंतीवर आहे. रेघ होती तिथं चुना दिसतो.