दाजीसाहेबांचे उपास

दाजीसाहेब माणसाच्या तोंडाकडे पाहायच्या आधी त्याच्या ताटाकडे पाहत. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत जेवणाच्या वेळी दारं उघडीच असत, आणि गॅलरीतून जाताना ते प्रत्येक दारापाशी थांबत. "पुन्हा भात? वहिनी, पोट हा कारकून आहे. रजा दिली नाही तर चुका करणारच." ते स्वतः एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. हाताखालच्यांच्या रजा त्यांनी सुखासुखी मंजूर केल्या असतील असं वाटत नाही. ती सगळी उदारता त्यांनी आमच्या पोटांसाठी राखून ठेवली होती.

गेल्या चैत्रात ते वारले. शोकसभेत त्यांना वाडीचे धन्वंतरी म्हटलं गेलं. मी मागे गप्प बसून होते. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात बाबा पकडले गेले तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वाडीतले आणखी चार-पाच जण तुरुंगात होते. दाजीसाहेबांनी त्यांच्यासाठी चौकात सतरंजी टाकून एक दिवसाचं उपोषण केलं. दुपारी त्यांना घरून साबुदाण्याची खिचडी आली, चार वाजता दाण्याचा लाडू. कुणी तरी हसलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अन्नाला शिवलेलो नाही. हा फराळ आहे." यात लबाडी नव्हती. फराळ म्हणजे अन्न नव्हे, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. त्यांचं सगळं वैद्यक तेवढ्यावरच उभं होतं.

बाबांच्या मागे आमच्याकडे लक्ष ठेवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. आईला मधुमेह होता. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आहाराचा कागद दिला होता: एका वेळी किती भाकरी, किती वाटी डाळ, पालेभाजी, ताक, सगळं मोजून आणि वेळेवर. कागद इंग्रजीत होता, म्हणून तो वाचून दाखवणं माझ्याकडे. दाजीसाहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय मडमबाई, कागद इंग्रजी म्हणून आईचं पोटही इंग्रजी झालं का?" मग आईला म्हणाले, "वहिनी, सोमवार, गुरुवार, शनिवार धरा. साखरही उतरेल आणि तिकडे त्यांच्याही पदरात पुण्य पडेल. एका उपासात दोन कामं."

बाबांचं नाव निघाल्यावर आईने कागद डब्याखाली सारला. आठवड्यातले तीन दिवस आमच्या घरी साबुदाणा, रताळी, बटाट्याचा कीस आणि गूळ घातलेला राजगिरा. दाजीसाहेब पेंडखजूर आणून देत. ते समोर बसून आईला आग्रह करत आणि स्वतःही खात.

लघवीतली साखर मी घरीच तपासत असे. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब, आणि खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं म्हणजे थोडी साखर, विटकरी म्हणजे पुष्कळ. तीन आठवड्यांत नळी निळी दिसेनाशी झाली. त्यातच नव्या चपलेने आईच्या पायाला फोड आला. तो फुटला, पण भरेना.

एका शनिवारी मी नळी दाजीसाहेबांसमोर तापवली. रंग फिरत फिरत विटकरी झाला.

"स्पिरिट भेसळीचं असेल," ते म्हणाले.

"स्पिरिटने रंग येत नाही," मी म्हटलं.

"असं? मग मनापासून उपास होत नसेल. वहिनी, मनात जेवणाचा विचार येतो का?"

आईने खाली मान घालून कबूल केलं, की येतो. मी दिवा विझवून नळी धुतली. तिला ओढून दवाखान्यात न्यायला मी आणखी नऊ दिवस घेतले. तोवर करंगळी काळी पडली होती.

डॉक्टरीणबाईंनी आईच्या पायाची दोन बोटं काढली. उपासाला काय खाल्लं ते ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली. "साबुदाणा म्हणजे नुसतं पीठ आहे, बाई. साखर वाढवायचीच असती तर मी हेच सांगितलं असतं." दाजीसाहेब भेटायला आले, तेव्हा आईच्या पायाकडे न बघता म्हणाले, "गुरुवारचा एखादा चुकला असणार."

आईच्या मलमपट्टीच्या औषधासाठी मी परळला जात असे. तिथेच एका सकाळी मधुमेहाच्या रांगेत मला दाजीसाहेब दिसले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली आणि डॉक्टरीणबाईंचा तसाच कागद. मला पाहून ते दचकले. मग कागद पुढे करून म्हणाले, "चष्मा घरी राहिलाय. यात उपासाबद्दल काय लिहिलंय गं?"

मी उभ्या उभ्या वाचलं. उपवास करू नयेत. साबुदाणा, बटाटा, रताळी, खजूर पूर्ण बंद.

"हळू वाच."

मी आवाज उतरवला नाही. रांगेतली माणसं मागे वळून पाहत होती. दाजीसाहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "वाडीत बोलू नकोस," म्हणाले. पुढच्या गुरुवारी ते पलीकडच्या खोलीतल्या रक्तदाब असलेल्या काकूंना गुरुवार धरायला सांगत होते. मी दारात गेले आणि त्यांच्यासमोरच काकूंना रांगेतली हकिकत सांगितली. त्यानंतर दाजीसाहेब आमच्या गॅलरीत फिरकले नाहीत.

त्या गुरुवारी काकूंकडून परत येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिला बरं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. ती पायाची पट्टी चाचपू लागली.

"रांगेत एकटेच होते का ते?"

"हो."

"मग बाकावर बसवून, हळू वाचून दाखवायचं होतंस."

मला तिचा संताप आला. दाजीसाहेब गेले त्या दिवशी ती लंगडत जिना उतरून त्यांच्याकडे जाऊन आली. मी गेले नाही, आणि आज कुणी विचारलं तरी त्याचं मला वाईट वाटत नाही.