बिनलोखंडाची न्याहारी

पिंगळी स्टेशनाच्या बाजूला गँगमनच्या खोल्या होत्या, त्यातल्या कडेच्या खोलीत चतुराबाई राहायची. तिच्या हातच्या कण्यांचं नाव सगळ्या खोल्यांत होतं. ज्वारी जात्यावर जाडसर भरडायची, पाखडून पीठ वेगळं करायचं, उरलेल्या कण्या पाण्यात मऊ शिजवायच्या आणि वर ताक ओतून गरम गरम वाढायच्या. एवढ्याशा गोष्टीत काय कौतुक, असं कुणी म्हटलं की ती वाद घालायची नाही, ताटली पुढं सरकवायची. माणूस मुकाट्यानं खायचा आणि परत मागायचा. बाई हट्टी होती, तोंडानं फटकळ होती, पण तिच्या दारातून उपाशी कुणी गेलं नाही.

नवरा सटवाजी रेल्वेत गँगमन. एकुलती एक लेक सत्यशीला, गावातल्या बालवाडीत शिकवायची. ही लेक जन्मापासून फिकट. ओठ पांढरे, नखं पांढरी, दहा पावलं भरभर चालली की धाप. पोरीच्या अंगात रक्त भरायचं, हा चतुराबाईनं वीस वर्षं एकच ध्यास घेतला होता. बाजरी झाली, गूळ-शेंगदाणे झाले, लोखंडी कढईतल्या पालेभाज्या झाल्या. ज्या डॉक्टरकडं जावं तो पापणी खाली ओढून बघायचा आणि लोहाची बाटली लिहून द्यायचा. बाटल्या रिकाम्या होत गेल्या, पोरगी होती तशीच राहिली.

शेवटी पंच्याऐंशी साली कुणीतरी औरंगाबादचा मोठा दवाखाना सुचवला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थोडं मुंबईला पाठवलं आणि महिनाभरानं मायलेकींना समोर बसवून सांगितलं, "हिला थॅलेसेमिया आहे, सौम्य प्रकारचा. जन्मापासूनचा. रक्त कमी तयार होतं, पण लोह कमी नाही. उलट फार साठलंय."

चतुराबाईला वाटलं, डॉक्टरीणबाई दमल्या असतील, दुसऱ्याच कुणाचा कागद वाचत असतील. "बाई, तुमी काय सांगायलाव? पोरगी पांढरीफटक हाय आन् तुमी म्हन्ता लोखंड जास्त?"

बाईंनी न चिडता समजावलं. या आजारात अंगाला वाटतं की लोह कमी पडतंय, म्हणून ते खाल्लेल्यातून जास्तच ओढून घेतं. ते यकृतात साठतं, मग हृदयात. सत्यशीलाच्या लोहसाठ्याचा आकडा आठशे वीस होता, असायला हवा दोनशेच्या आत. असाच चढत राहिला तर काही वर्षांत यकृत जाईल. बाटल्या आजपासून बंद, लोह घातलेलं काहीही बंद, जेवणाबरोबर चहा प्यायचा म्हणजे लोह अंगाला कमी लागतं. सहा महिन्यांनी परत बघू.

सटवाजीनं हे ऐकून आधी लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "सायेबाला सांगू नगा. रेल्वेचा माल म्हनून पोरगी जमा करतील." सत्यशीला खदाखदा हसली. चतुराबाई नवऱ्यावर डाफरली, मग कोपऱ्यात तोंड फिरवून तीही हसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं घर धुऊन काढल्यासारखं लोखंड हुडकायला सुरुवात केली. कढई गेली, तवा गेला, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आणि मातीचं खापर आलं. राहिली सकाळची न्याहारी. बाजरी बंद केल्यावर पोरीला सकाळी काय द्यावं? शहरातली पोरं डब्यातलं काहीतरी दुधात घालून खातात आणि गुटगुटीत होतात, हे तिनं ऐकलं होतं. ते शेतात पिकत नाही, कारखान्यात होतं, तेव्हा त्यात लोखंड कशाला असेल, असा तिचा हिशेब. म्हणून ती लेकीला घेऊन परभणीला बन्सीधर शेटच्या दुकानात गेली.

शेटनं तीन डबे काढून फळीवर मांडले. सत्यशीलानं पहिला उचलून मागचं बारीक इंग्रजी वाचलं. "माय, यात लोह घातलंय." दुसरा वाचला. त्यातही. शेटचा चेहरा खुलला. "ताई, तिसरा बघा. सगळ्यात जास्त लोह त्याच्यातच!"

"आमाला बिनलोहाचं पायजे," चतुराबाई म्हणाली.

शेटचा हात डब्यावरच राहिला. पंचवीस वर्षांच्या धंद्यात त्याच्याकडं जास्त साखर, जास्त ताकद, जास्त मलई मागणारी गिऱ्हाइकं आली होती. कमी मागणारं हे पहिलंच. त्यानं शिडी लावली, वरच्या फळीवरचे धुळकट डबे काढले, तेही सत्यशीलानं वाचून परत दिले. शेट घामाघूम होऊन खाली उतरला आणि खरं बोलला, "बाई, तुम्हाला पाहिजे तो डबा कुणी बनवत नाही बघा. घरची ज्वारी खा. तिच्यात कुणी वरून काही घातलेलं नाही."

चतुराबाईला तर हेच ऐकायचं होतं. डॉक्टरीणबाईंना पत्रानं विचारलं, त्यांनीही कळवलं की ज्वारी चालेल, तिच्यातलं लोह अंगाला फारसं लागत नाही. झालं! आपल्या कण्याच औषध ठरल्या म्हणून बाई स्टेशनभर मिरवली. रोज सकाळी कण्या, वर कोरा चहा.

सहा महिन्यांनी औरंगाबादला परत रक्त दिलं आणि टपालानं आकडा आला. आठशे सत्तर.

सोबत डॉक्टरीणबाईंच्या दोन ओळी होत्या. 'लोह कुठून तरी जातंय. सकाळी खाते ते सगळं घेऊन या, करता कसं तेही दाखवा.' चतुराबाईनं रात्रभर डोक्याला हात लावून विचार केला, पण तिला एकही चूक सापडली नाही. मग ती नेटानं सामान बांधायला बसली. कण्यांची पुरचुंडी, ताकाची कळशी, मीठ, चहाची पूड. आणि एका चिंधीत खिळा.

रूळ ज्यानं लाकडाला ठोकतात तो, वीतभर लांबीचा. सटवाजीनं फार वर्षांपूर्वी मोडका म्हणून घरी आणलेला. चुलीत लालभडक करायचा, चिमट्यानं धरून ताकात चर्रकन विझवायचा आणि ते ताक फिकट लेकराला द्यायचं, हे चतुराबाई आपल्या आईकडून शिकली होती. सत्यशीलाला दात आल्यापासून तिनं एक दिवस चुकवला नव्हता. करता कसं ते दाखवा म्हटल्यावर खिळा मागं ठेवून कसं चालेल?

सकाळच्या गाडीला गर्दी होती. विद्यापीठाच्या नामांतरासाठी औरंगाबादला निघालेली पोरं डब्यात भरली होती, निळे झेंडे खिडक्यांतून बाहेर. परभणी सुटली तशी घोषणा सुरू झाल्या आणि सत्यशीला मूठ वळून उभी राहिली. दोनच घोषणांत तिला धाप लागली. चतुराबाईनं तिला पदराला धरून खाली ओढलं. "घोषना दे की, कोन नको म्हन्तंय? पन बसून दे." समोरच्या पोरानं हसून जागा करून दिली. जालन्यापर्यंत सत्यशीला बसून घोषणा देत राहिली आणि चतुराबाई मांडीवरची कळशी सांभाळत प्रत्येक घोषणेला शेवटचा शब्द जोडत राहिली.

दवाखान्यात तिनं टेबलावर सगळं ओळीनं मांडलं आणि सांगायला लागली. ज्वारी कशी भरडते, पाणी किती घालते, पातेलं जर्मनचंच. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. "मंग खिळा लाल करायचा," चतुराबाई चिंधी सोडत म्हणाली, "आन् ताकात इझवायचा."

लिहिणारा हात थांबला. "काय म्हणालात मावशी?"

"खिळा. पन फिकीर नगं, बाहीर काढते मी. खायला थोडाच देते?"

बाईंनी खिळा हातात घेतला, नखानं खरवडला. काळी खपली टेबलावर पडली. "ही खपली ताकात राहते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ताक आंबट, त्यात लोह विरघळतं. रोज. किती वर्षं करताय?"

चतुराबाई बोटांवर वर्षं मोजायला लागली. तिला सगळं एकदम दिसलं. घरातला तवा तिनं फेकला, कढई फेकली आणि हा खिळा मात्र औषध म्हणून जपून ठेवला. लोखंड काढायचं म्हणताना औषधाकडं तिचं लक्षच गेलं नव्हतं. वीस वर्षं आपण आपल्या हातानं लेकीच्या काळजात लोखंड ओतलं, असं तिला वाटलं आणि ती दवाखान्यात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडली.

डॉक्टरीणबाई उठून तिच्याजवळ आल्या. आजार आईवडिलांच्या रक्तातून येतो, खिळ्यातून नाही. लोह अंगच साठवतं, खिळ्यानं भर घातली एवढंच. बाटल्या तर डॉक्टरांनीच दिल्या. यकृत अजून चांगलं आहे. "खिळा आणलात म्हणून कळलं, मावशी. आता आकडा चढायचा थांबला तरी आपण जिंकलो."

चतुराबाईनं मान हलवली, पण तिच्या मनाला ते पटलं नाही. पिंगळीला आल्यावर तिनं लेकीसाठी रांधणं सोडलं. इतरांचं करायची, लेकीच्या ताटाला मात्र हात लावायची नाही. ज्या हातानं एवढं केलं त्या हाताचा आता भरवसा काय? सटवाजीनं ताटात काय पडेल त्याचा जिम्मा घेतला. रूळ सरळ करणारा माणूस, पण कण्यांच्या गाठी त्याच्यानं सरळ होईनात. एक दिवस कच्च्या, एक दिवस करपलेल्या. "बरं लागतंय दादा," असं बापाला म्हणून सत्यशीला खायची. दाराआड बसलेल्या चतुराबाईला ते शब्द टोचायचे. पोरीला कधी तिच्या कण्या 'बरं लागतंय' म्हणाव्या लागल्या नव्हत्या.

असे सहा महिने गेले. सत्यशीलानं किती समजावलं, कधी रागावली, एकदा जेवायचंही सोडून बघितलं. बाई ढिम्म हलली नाही.

मग सत्यशीला औरंगाबादला रक्त देऊन आली आणि काही दिवसांनी पोस्टमननं निकालाचं पाकीट आणलं. सटवाजी ड्यूटीवर होता. सत्यशीलानं उंबऱ्यातच पाकीट फोडलं. चतुराबाई भिंतीला टेकून उभी राहिली.

"किती?"

"सातशे दहा."

"चढला का उतरला?"

"उतरला माय. एकशे साठानं उतरला." सत्यशीलानं खालचंही वाचलं. साठलेलं लोह काढायचं सुईचं औषध आत्ता लागत नाही, हेच खाणं चालू ठेवा, वर्षानं दाखवा.

"परत वाच."

सत्यशीलानं परत वाचलं. चतुराबाई तिथंच खाली बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला. देवादिकांचं नाव तिच्या तोंडात येत नसे, ती नुसतं "माझी बाय, माझी बाय" म्हणत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

सत्यशीला आत गेली. मांडणीवरची ताटली घेऊन आली आणि चुलीसमोर बसली.

"भूक लागलीय," ती म्हणाली. "दादाच्या हातच्या गाठी आता माझ्यानं गिळवत न्हाईत. तू कर."

"मी?"

"मंग काय बन्सीधर शेट येनार हाय का?"

चतुराबाई उठली. तिनं हात दोनदा धुतले, मग तिसऱ्यांदा धुतले. पातेल्यात पाणी ठेवलं, पाण्याला आधण येईस्तोवर जागची हलली नाही. कण्या टाकून ढवळत राहिली, एकही गाठ झाली नाही. वर साधं, थंड ताक घातलं आणि ताटली लेकीपुढं ठेवली.

सत्यशीलानं पहिला घास घेतला. चतुराबाई तिच्या तोंडाकडं बघत होती. लेक भराभरा खात राहिली, ताटली बोटानं पुसून घेतली आणि पुढं सरकवली.

"अजून वाढ," ती म्हणाली.