टेंब्यांची शाकाहारी रायफल

वसुधा टेंबे यार्ड सेलला गेली की परीक्षा विकणाऱ्याची असते. अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत उन्हाळ्यातल्या दर शनिवारी कोणी ना कोणी गॅरेज रिकामं करतो आणि सामान अंगणातल्या गवतावर मांडून बसतो. वसुधा त्यातलं एखादं बिडाचं भांडं उचलते, बुडाला नख लावून बघते आणि विचारते, यात कधी मांस शिजवलं होतं का? समोरची बाई खुलते. तिला वाटतं, गिऱ्हाईक भांड्याची कर्तबगारी विचारतंय. ती कौतुकानं सांगते, दर रविवारी रोस्ट, वीस वर्षं. वसुधा भांडं खाली ठेवते, थँक यू म्हणते आणि रुमालाला बोटं पुसते. इतक्या वर्षांत या बाईनं यार्ड सेलमधून घेतलं काय, तर एक फुलदाणी आणि तीन खुर्च्या.

मी त्यांच्या समोर राहते आणि मासे खाते. त्यामुळे वसुधा माझ्याकडे फक्त चहा पिते, तोही तिनंच आणून ठेवलेल्या पेल्यात. तो पेला मी खरंच वेगळा ठेवते. शेजार आहे, कधी काय तपासतील सांगता येत नाही.

तपासण्याचं वेड त्या घरात खरं म्हणजे नवऱ्याला. पुरुषोत्तम टेंबे वूस्टरच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खात्यात आहेत. दुसऱ्यांनी बनवलेलं बरोबर आहे का हे बघायचा त्यांना पगार मिळतो, आणि घरी आल्यावर हेच काम ते फुकट करतात. खिशात एक भिंग, पेनाएवढा टॉर्च आणि जाडी मोजायचा कॅलिपर. आमच्या नव्या घराच्या पूजेला आले तेव्हा दिवाणखान्यातली तसबीर तिरकी आहे हे त्यांनी सांगितलं, आणि किती तिरकी तेही सांगितलं. प्रसाद नंतर घेतला.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच गोष्ट पुराव्याशिवायची होती. सांगलीला इंजिनिअरिंग करताना एनसीसीच्या कॅम्पात त्यांनी पॉइंट टू-टू रायफलनं पाच गोळ्या अशा मारल्या होत्या म्हणे, की पाचही भोकं चार आण्याच्या एका नाण्याखाली झाकली गेली. भोकांचं ते कागदी कार्ड सुभेदारानं बोर्डावर लावायला म्हणून घेतलं ते परत दिलंच नाही. ही गोष्ट आम्ही दर गणपतीला ऐकत आलो. वसुधा ती सुरू झाली की वाट्या गोळा करायला उठायची.

मग १९८३ च्या हिवाळ्यात कारखान्यातल्या शेजारच्या टेबलावरचा रेने त्यांना आपल्या नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेला. लांबट हॉल, पन्नास फुटांवर नेम धरायची कागदी कार्डं, दर गुरुवारी संध्याकाळी आसपासच्या गावांच्या क्लबांशी सामने. गोळी तुरीच्या दाण्याएवढी, आवाज पाटावर पळी आपटल्याएवढा. टेंब्यांनी पोलीस चीफच्या ऑफिसात जाऊन रीतसर बंदुकीचा परवाना काढला आणि क्लबाच्या रायफलनं नेम मारायला लागले. पाच जणांच्या टीममध्ये पहिल्या वर्षी पाचवे, दुसऱ्या वर्षी दुसरे. दिवाणखान्यात गप्प बसणारा हा माणूस गुरुवारी शीळ घालत गाडी काढायचा. मी खिडकीतून ऐकलेली आहे.

पंच्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये क्लबाचं पत्र आलं. यापुढे क्लबाच्या रायफली शाळकरी मुलांच्या वर्गासाठी. मोठ्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारपर्यंत स्वतःची आणावी, नाहीतर टीममधली जागा दुसऱ्याला.

नव्या टार्गेट रायफलीच्या किमतीत त्या वर्षी त्यांच्या लेकीची, दीपाची, कॉलेजची पुस्तकं आणि हॉस्टेलचं अर्धं बिल आलं असतं. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये स्वस्त नवीही होती. टेंब्यांनी ती खांद्याला लावून बघितली आणि परत दिली. "फार हलकी. श्वास घेतला तरी नळी नाचते." म्हणजे जुनीच शोधायची, सव्वाशे डॉलरच्या आत.

वसुधानं ऐकून घेतलं. बंदूक कशाला, आवाज किती, लोक काय म्हणतील, यातलं काहीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आणा. पण जिनं जीव घेतलाय ती माझ्या घरात यायची नाही."

"जुनी आहे वसुधा. कसं कळणार?"

"विचारायचं. नीला येईल बरोबर. तुम्ही नळी बघत बसाल आणि विचारायचं विसराल."

अशी मी, फ्रीझरमध्ये पापलेटं असलेली बाई, अहिंसेची इन्स्पेक्टर झाले.

पहिल्या शनिवारी स्पेन्सर गावच्या एका शेतकऱ्याकडे गेलो. रायफल देखणी होती. टेंब्यांनी तिची कडी मागे ओढून काढली, नळीच्या मागच्या तोंडाशी कोरा कागद धरला आणि पुढून डोळा लावला. कागदाच्या उजेडात आतली नळी आरशासारखी दिसली पाहिजे असं त्यांनी मला समजावलं होतं. ती तशी होती. ते माझ्याकडे बघून हसले. मी माझा प्रश्न विचारला. शेतकऱ्यानं छाती फुगवली आणि सांगितलं की खारी तर चारशेच्या खाली नाहीतच, सशांचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. टेंब्यांनी कडी परत बसवली, अगदी हळू, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार लावावं तशी.

दुसरी एका दुकानात. दुकानदाराला माझा प्रश्नच कळेना. तो म्हणाला, बाई, ही बंदूक आहे. पण निकाल त्याआधीच लागला होता. या जातीच्या काडतुसाला ठोका मध्यभागी बसत नाही, बुडाच्या काठावर बसतो. रिकामी बंदूक कोणी खटखट वाजवत बसलं की ठोका देणारी सुई नळीच्या तोंडावरच आपटते आणि तिथे खाच पडते. टेंब्यांनी भिंगातून खाच दाखवली. दुकानदारानं चष्मा लावून पाहिलं आणि दहा डॉलर कमी केले. टेंबे म्हणाले, खाच तेवढीच राहील.

तिसऱ्या ठिकाणी एक तरुण पोरगा शपथेवर म्हणाला, हिनं आजवर काही म्हणजे काही मारलेलं नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटले. टेंब्यांनी नळीतून बघितलं आणि मराठीत म्हणाले, "खरं बोलतोय. आत एवढा गंज आहे, हिनं समोरचा तबेलाही चुकवला असेल."

सप्टेंबर संपत आला. शीळ बंद झाली होती. एवढा हिशोबी माणूस, पण अंगणातली पानं गोळा करताना तोच कोपरा तीनदा झाडत होता.

शेवटच्या शनिवारी रेनेच्या ओळखीनं होल्डनला मिसेस लिंडक्विस्टकडे गेलो. सत्तरी ओलांडलेली, ताठ, एप्रनला इस्त्री. नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि लीगमध्ये नेम मारायचा, दोन वर्षांपूर्वी गेला. रायफल तिनं लोकरीच्या शालीतून काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. मी उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली, दहा पौंड तरी असेल. एका वेळी एकच गोळी भरायची, नेम धरायला बारीक भोकाची चकती. असलं धूड घेऊन जंगलात कोण जाणार? टेंब्यांनी कागद धरला, भिंग धरलं, नळीचं पुढचं तोंड बोटानं चाचपलं, लाकूड तडकलंय का ते टॉर्चनं पाहिलं. बोलण्यासारखी खोट काही नव्हती. एकशेदहा डॉलर.

मी आपला नेमून दिलेला प्रश्न विचारला, उठता उठता, पर्स शोधत.

म्हातारी थांबली. "एक," ती म्हणाली.

अठ्ठावन्न साली, नवरा गावाला गेला असताना, एक वुडचक तिच्या शेंगांचे वेल मुळापासून खात होता. वुडचक म्हणजे आपल्या घुशीचा थोरला भाऊ. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकच गोळी झाडली. लागेल असं तिला वाटलं नव्हतं. मग तो तिनं लायलॅकच्या झुडपाखाली पुरला. नवऱ्याला सांगितलं, आणि त्यानंतर रायफल हॉलबाहेर कधी चालली नाही. हे तिनं सांगितलं नसतं तर या जगात कोणाला कळणार होतं? पण विचारलं, म्हणून सांगितलं.

टेंब्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि सोमवारपर्यंत थांबाल का, असं तिला विचारलं.

गाडीत मी त्यांना सांगून ठेवलं की म्हातारी फार हळू बोलते आणि मला एका कानानं कमी ऐकू येतं. गुरुवार पाच दिवसांवर होता.

वसुधा परसातली मेथी निवडत बसली होती. "विचारलंस का गं?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मलाही नक्की ठाऊक नाही, कारण टेंबे आधी बोलले.

"एक," ते म्हणाले.

"काय एक?"

"एक जीव. अठ्ठावन्न साली." आणि त्यांनी शेंगांपासून लायलॅकपर्यंत सगळं सांगितलं, कमी नाही, जास्त नाही.

वसुधानं आधी दोन जुड्या निवडून बाजूला ठेवल्या.

"आई म्हणायची, मातीचं भांडं विटाळलं तर फोडायचं, लाकडाचं चुलीत घालायचं. लोखंड विस्तवातनं काढलं की झालं. ती नळी लोखंडाची ना?"

"पोलादाची."

"आणि दर गोळीला आत जाळ होतो?"

"होतो."

"असा किती वेळा झाला असेल, त्यानंतर?"

टेंब्यांनी अंदाजे आकडा सांगितलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "वीस हजार वेळा. निदान."

"मग ती केव्हाच शुद्ध झाली," वसुधा म्हणाली. "लाकूड नाही."

लाकूड म्हणजे अर्धी रायफल. खांद्याला, गालाला, हाताला जे लागतं तो सगळा दस्ता. इतक्या जुन्या रायफलीचा तयार दस्ता बाजारात मिळत नव्हता. वार्निशवरून मेणबत्ती फिरवू या का, असं मी सुचवलं. वसुधा म्हणाली, "नीला, तू चहा घे."

रेनेची युक्ती माझ्यापेक्षा बरी होती. त्यानं सांगितलं, रायफल माझ्या गॅरेजात ठेव, इथूनच क्लबात ने, इथेच परत आण. बायकोची अट घरापुरती आहे ना? मोडतही नाही. एक हो म्हटलं की टीममधली जागा राहत होती. टेंबे नाही म्हणाले. मी मागाहून विचारलं, का हो? तर म्हणाले, "दस्ता खांद्याला लागणार. खांदा घरी येतो ना."

सोमवारी त्यांनी रायफल घेतली. नळी टॉवेलात गुंडाळून घरी आली, लाकूड रेनेच्या गॅरेजात राहिलं. पहिल्या गुरुवारी टेंबे क्लबात रिकाम्या हातानं गेले. कॅप्टननं जागा एका तरुण डेंटिस्टला दिली. सभ्यपणे दिली, पण दिली.

त्या हिवाळ्यात टेंबे आठवड्यातून दोनदा व्होकेशनल शाळेत सुतारकामाच्या वर्गाला जायचे. अक्रोडाची फळी आणली, ती एक नासली, दुसरी आणली. गुरुवारी तरीही क्लबात जायचे, दुसऱ्यांच्या कार्डांवरची भोकं भिंगातून मोजायला. भोक रेषेला शिवलं की नाही यावर एरवी तिथे तासभर वाद चालायचा. टेंबे बघून आकडा सांगायचे आणि वाद संपायचा. डेंटिस्टचे गुण त्यांनी दोनदा वाढवले, कारण ते तसे होते.

जुनं लाकूड मिसेस लिंडक्विस्टनं परत मागितलं. का, ते सांगितलं नाही. रेने नेऊन देऊन आला.

फेब्रुवारीच्या शेवटी दस्ता झाला. वसुधानं त्यावरून हात फिरवला आणि एका जागी खरखरीत आहे म्हणाली. तेवढं घासून टेंबे क्लबात गेले आणि पाच गोळ्या मारल्या. कॅप्टननं कार्ड पाहून पुढच्या ऑक्टोबरची जागा त्यांच्या नावावर लिहिली. ते कार्ड दुसऱ्या दिवशी टेंब्यांच्या जेवणाच्या टेबलावर होतं, म्हणून मला बघायला मिळालं.

वसुधानं पर्समधून पंचवीस सेंटचा अमेरिकन क्वार्टर काढला आणि भोकांवर ठेवला. पाचही झाकली गेली. पंचवीस वर्षं ऐकलेल्या गोष्टीवर तिनं तेव्हा पहिल्यांदा मान डोलावली.

"हे नाणं मोठं आहे," टेंबे म्हणाले. "आपले चार आणे एवढे नसतात."

"अहो, असू दे की."

ते उठले. देवघरातल्या तबकात सुपारीजवळ जुनी चवली-पावली ठेवलेली असते, त्यातली पावली, म्हणजे चार आण्याचं नाणं, घेऊन आले, क्वार्टर बाजूला सारला आणि पावली ठेवली. चार भोकं झाकली. एक काठाला लागून बाहेर राहिलं, मला तर ते दिसलंही नसतं.

टेंब्यांनी भिंग लावून बघितलं. "एक बाहेर," ते म्हणाले.

वसुधानं कार्ड उचललं आणि फ्रिजच्या दारावर लावलं. चुंबक थोडा तिरका बसला होता. टेंबे उठून तो सरळ करून आले.