सासूबाईंचं बारदान

आधी कबूल करा, हसणार नाही. मगच सांगतो. आमच्या घरी हा विषय निघाला की मी चप्पल घालून बाहेर जातो. पण आज चहा तुमचा आहे, तेव्हा माझी अब्रूही तुमच्याच हवाली!

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. राहात्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. तोरा एकाच गोष्टीचा, हिशेबाचा! औषधांची मापं तोंडी काढायचो, कागद लागायचा नाही. आणि नेमक्या माझ्याच सासूबाई ओट्यावरून पडल्या. गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं नाही तर पाय जन्माचा ताठ राहणार होता.

ऑपरेशनचे डॉक्टर नगरहून यायचे, आठवड्यातून एकदाच, आणि बाराच्या ठोक्याला परत निघायचे. त्यांच्याबरोबर भूल देणारे डॉक्टर. त्यांचा निरोप आला, "पेशंटचं वजन नक्की करून ठेवा. अंदाज चालणार नाही." बरोबरच आहे हो! औषध जास्त झालं तर बाई उठायच्या नाहीत. कमी झालं तर भलत्याच वेळी उठायच्या!

आता पंचाईत अशी, की दवाखान्यातला काटा वर उभं राहून वजन करायचा. सासूबाई उभ्या कशा राहणार? त्या चाकाच्या खुर्चीत, पाय फळीवर बांधलेला. म्हटलं, घाबरायचं काय त्यात? समोर बाजार आहे. तिथं पोती तोलायचा जमिनीलगतचा काटा आहे. आधी रिकामी खुर्ची तोलायची, मग सासूबाईंसकट खुर्ची, आणि वजाबाकी. दुसरीतल्या पोराचं गणित!

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच आमची वरात बाजारात. मापाडी गेनूभाऊ, म्हणजे पोती तोलून वजनं पुकारणारा माणूस. त्यानं रिकामी खुर्ची तोलली, "एकोनीस!" मग सासूबाईंना बसवून खुर्ची काट्यावर चढवली, तर हा सवयीनं ओरडला, "लाभ!"

मापाडी पहिल्या पोत्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. सासूबाई कडाडल्या, "मेल्या, म्या काय गव्हाचं पोतं हाय व्हय?"

अख्खा बाजार हसला. त्यांची समजूत काढता काढता आकडा बघायचा माझा राहूनच गेला. मागून गेनूभाऊची हाळी आली, "बासट!"

बासष्टातून एकोणीस गेले, राहिले त्रेचाळीस. केसपेपरवर झोकात लिहून टाकलं.

दहा वाजता भुलीच्या डॉक्टरांनी पेपर हातात घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली. "महिन्यापूर्वी खोकल्यासाठी आल्या होत्या, तेव्हा इथंच लिहिलंय चौसष्ट. आज त्रेचाळीस? पुन्हा मोजलंत?"

"साहेब, साधी वजाबाकी आहे. ती पुन्हा काय मोजायची?"

तिथं जीभ चावली असती तर?

"महिन्यात एकवीस किलो उतरलेल्या बाईंना मी भूल देणार नाही," ते म्हणाले. "आत काहीतरी मोठं दुखणं आहे. पुण्याला हलवा." आणि त्यांनी बॅग आवरायला घेतली.

झालं! व्हरांड्यात रडारड सुरू. मामेसासरे माझ्या बायकोवर घसरले, "शालन, आठ दिस डबा तुज्याच घरचा हुता ना? काय घालत हुतीस त्यात?"

"भाकरी, पिठलं, वर तुपाची वाटी!" शालन रडतच ओरडली. "विचारा तिलाच!"

सासूबाईंनी स्वतःचा दंड चाचपला. "शाले, म्या लई वाळले गं?" मग सगळ्यांना दिसायलाच लागलं हो! एक म्हणाली गाल बसले, दुसरी म्हणाली डोळे आत गेले. सासूबाईंनी गळ्यातली बोरमाळ धाकट्या लेकीच्या नावानं सांगून टाकली.

एकटी सिस्टर म्हणाली, "अहो, यांच्या मनगटात बांगड्या फिरेनात. एकवीस किलो गेले कुठून?"

"सिस्टर, तुम्ही डोळ्यांनी बघता. मी काट्यानं बघतो," मी म्हणालो. काय ही अक्कल!

पण शालननं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की वाटलं, सासूबाई खरंच जाणार की काय? म्हटलं, खोट असेल तर काट्यातच असेल. साडेदहा झाले होते. धावत बाजार गाठला आणि चार व्यापाऱ्यांसमोर गेनूभाऊवर ओरडलो, "तुझा काटा खोटा आहे! माझी सासू मरायला टेकली तुझ्यामुळं!"

गेनूभाऊ लालबुंद झाला. "काट्याला नाव ठिवायचं न्हाई! बासट सांगितलं, ते नुसत्या बाईचं."

"नुसत्या? आणि खुर्ची?"

"ती म्या आदीच वजा केली की! पोत्यातला माल मोजताना रिकामं पोतं कोन धरतं? बारदान पैलं कापायचं!"

म्हणजे खुर्ची दोनदा गेली होती. एकदा त्याच्या तोंडून, एकदा माझ्या पेन्सिलीतून! पण तरी हिशेब जुळेना.

"मग चौसष्ट व्हायला हवेत. बासष्ट कसे?"

गेनूभाऊनं मान खाली घातली. "दोन किलो कडता कापला. मालात माती-कचरा असतोय, म्हनून सोडायची रीत हाय. हाताला सवय वो, चुकून गेलं."

माझ्या सासूबाईंत दोन किलो माती-कचरा! पण हसायला वेळ कुठं होता?

परत आलो तर भुलीचे डॉक्टर जीपमध्ये बसलेले. बॉनेटला हात लावून, सगळ्या पाहुण्यांसमोर, एका दमात कबूल केलं. डॉक्टर खाली उतरले. माझ्या तोंडी आकड्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, आणि बरोबरच केलं! सासूबाईंना घेऊन स्वतः बाजारात आले, वाकून काटा वाचला. रिकामी खुर्ची एकोणीस, सासूबाईंसकट त्र्याऐंशी. वजाबाकी त्यांनीच केली, कागदावर, दोनदा.

अकराला ऑपरेशन सुरू झालं. मी दाराबाहेर देवाला हात जोडून बसलो होतो. खोटं कशाला बोलू, इतका मी लग्नातही घाबरलो नव्हतो.

बारा वाजून गेले तेव्हा ऑपरेशनचे डॉक्टर बाहेर आले. "पाय वाकेल," म्हणाले. शालन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

तासाभरानं सासूबाईंची भूल उतरायला लागली. डोळे अर्धवट उघडून त्या पुटपुटल्या, "शाले... म्या वर पोचले का गं?"

"नाही गं आई, हितंच हायेस. कोन दिसतंय बघ बरं?"

त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि समाधानानं डोळे मिटले.

"जावईबापू हायत. मंग मेले न्हाई म्या. वर हिशेब लागतो, तितं ह्यास्नी कोन घेतंय!"