चादरमावशीने काढलेले ढग

चादरमावशीने आयुष्यातला पहिला फोटो काढला तो वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि तोही निव्वळ उट्टं काढण्यासाठी. निसर्गप्रेम वगैरे भानगड नव्हती. तिच्या खोऱ्यात वर्षातले सात महिने ढग मुक्कामाला असायचे, आणि जिला रोज साठ चादरी वाळवायच्या असतात तिला ढगांचं कौतुक कुठून असणार?

तिचा वैरी म्हणजे तळ्याकाठच्या लॉजचा मालक. त्याच्याकडे तिने एकोणीस वर्षं चादरी, अभ्रे आणि टॉवेल धुतले, म्हणून तर हे नाव पडलं. ओल्या दिवसांत मागच्या पडवीत चादरी तीन-तीन दिवस लोंबकळायच्या आणि शेवटी इस्त्रीखाली कशाबशा वाळायच्या. कपडे वाळवायचं मशीन घ्या, असं मावशीने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मालक म्हणाला, "बघू." बघायला तो पडवीत एकदाही आला नाही.

मग एका पाहुण्याने तक्रार लिहिली की चादरीला कुबट वास येतो. मालकाने ती जेवणाच्या हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर आणि नोकरमाणसांसमोर, मोठ्याने वाचली. मावशी म्हणाली, "मालक, पंधरा दिवस ऊन नाही. वाळणार कशा?"

"नाचता येईना अंगण वाकडं," मालक म्हणाला, आणि हॉल हसला. त्याच दुपारी तिला घरी पाठवलं.

नुसतं काम गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण खोऱ्यातल्या एकाही लॉजने तिला दारात उभं केलं नाही. 'कुबट चादरीवाली' ही ख्याती तिच्या आधी सगळीकडे पोचली होती. एकोणीस वर्षांच्या पांढऱ्याशुभ्र कामाचं एका कागदाने मातेरं केलं. मावशी दात-ओठ खात घरी बसली. मालकाला खोटं पाडल्याशिवाय मरायचं नाही, एवढं तिने ठरवलं. कसं पाडायचं ते मात्र सुचत नव्हतं.

ते सुचवलं लॉजच्या वेबसाइटने. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या तिच्या सुनेने ती सहज उघडून दाखवली. वर लिहिलं होतं, 'सोनेरी उन्हाचं खोरं', आणि खाली अकरा फोटो, सगळ्यांत आभाळ निळंशार.

"एकाच आठवड्यातले आहेत," मावशी म्हणाली. "कुंपणाला तो पिवळा रंग आठच दिवस टिकला होता. पुढे पावसाने धुऊन नेला." मग तिने विचारलं, "तुझा जुना कॅमेरा चालतो का गं?"

पहिले चाळीस फोटो म्हणजे नुसतं दूध. उबदार स्वयंपाकघरातून कॅमेरा थेट बाहेर नेला की काचेवर आतून वाफ धरते, हे कळायला तीन दिवस गेले. मग ती कॅमेरा आधी पाव तास दाराबाहेरच्या गारठलेल्या ओट्यावर ठेवू लागली. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, काचेपुरतं भोक पाडलं. थेंब टिपायला जुन्या चादरीचा तुकडा घेतला, शंभर धुण्यांनी मऊ पडलेला. त्या बाबतीत तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

डोंगर नीट येत होता, पण आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरंफटक. "ढगावर नेम धरा, आई," सून म्हणाली. "खालचं काळं आलं तरी चालेल, ते नंतर उजळता येतं. गेलेले ढग परत आणता येत नाहीत."

नंतरचं काम कॉम्प्युटरवर. तिथेही मावशीने आधी सूडच उगवला. पहिला फोटो तिने एवढा काळा केला की सून म्हणाली, "आई, ही तर भुताटकी वाटते. कुणी खरं मानणार नाही." मग तिने रंग ओढून वाढवला, तर गवत पोपटी झालं. तिसऱ्या फोटोत काहीतरी बिनसलं होतं. सून शब्द शोधत राहिली आणि मावशी म्हणाली, "नीळ जास्त झालीय याला."

सुनेने निळेपणा थोडा उतरवला. फोटो जागेवर बसला. पिवळट पांढरं आणि निळसर पांढरं यातला फरक ओळखण्यात जिची हयात गेली, तिला ढगांच्या करड्या रंगाचं काय अवघड? त्यानंतर सुनेला फारसं शिकवावं लागलं नाही.

पर्यटक जिथे आपले फोटो टाकत त्या पानावर मावशी रोज एक फोटो टाकू लागली. ढगात बुडालेला डोंगर, निथळणारी झाडं, शिशासारखं तळं. खाली तारीख आणि एकच वाक्य, 'आज ऊन नाही.' लोकांनी हे वाचावं, दुसरीकडे जावं, आणि लॉजच्या खोल्यांत मालकाने एकट्याने माशा माराव्यात, असा बेत.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. लोक लिहू लागले, 'किती शांत!', 'डोळे निवले', 'इथे राहायचं कुठे?' शेवटच्या प्रश्नाला कुणीतरी परोपकारी लॉजचा पत्ता देऊन टाकायचा. महिन्याभरात लॉजचा आचारी तिला बाजारात भेटला. "मावशी, तुमच्या ढगांनी खोल्या भरल्या की," तो म्हणाला. मावशी भाजी न घेताच घरी परतली. स्वतःच्या हाताने वैऱ्याचं घर भरलं, या विचाराने तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मालक स्वतः छत्री घेऊन दारात.

"मावशी, झालं गेलं सोडून द्या. तुमचे फोटो आमच्या वेबसाइटवर लावू. खाली तुमचं नावसुद्धा."

मावशीच्या ओठांवर नकार आलाच होता. तो तिने गिळला.

"सगळे देते," ती म्हणाली. "तुम्ही एकच चादर स्वतः धुवायची आणि मागच्या पडवीत वाळवायची. मशीन नाही, चूल नाही. वाळली की फोटो तुमचे. मी बघायला येणार."

"एवढंच?" मालक हसला. मावशी कामचुकार होती असं त्याला अगदी मनापासून वाटत आलं होतं, म्हणून तो लगेच तयार झाला.

पहिल्या दिवशी त्याने चादर झोकात पिळली आणि चार तासांत उलटली. दुसऱ्या दिवशी धुकं पडवीत शिरलं आणि वाळलेली कडही पुन्हा ओली झाली. त्याने इस्त्री फिरवली, वाफ निघाली, चादर गरम आणि ओलीच. आचारी काही ना काही निमित्त काढून दर तासाला डोकावत होता. खोल्या झाडणाऱ्या बायका तर निमित्तसुद्धा काढत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मालकाने चादरीचं टोक नाकाशी नेलं आणि झटकन तोंड फिरवलं. मावशीने तेवढ्यात बटण दाबलं.

"तो पुसून टाका, मावशी," मालक हळू आवाजात म्हणाला. "चुकलं माझं. हे आपल्यातच राहू द्या."

"माझं कुठे आपल्यात ठेवलं होतं तुम्ही?" मावशी म्हणाली, आणि पिशवीत कॅमेरा घालून निघाली.

संध्याकाळी सासू-सुना कॉम्प्युटरसमोर बसल्या. मावशीच्या हातून इतका चांगला फोटो आजवर उतरला नव्हता. मागे ढग फाटून डोंगराची एक कड दिसत होती, पुढे ओली चादर, आणि तिच्या टोकाशी तोंड फिरवलेली काळसर आकृती, कुणाचीही असू शकेल अशी.

"माणूस असाच अंधारात राहू द्या, आई," सून म्हणाली. "हात लावू नका. बक्षीस मिळेल याला. आणि त्यांनी चूक कबूल केलीय ना?"

सुनेचं बरोबर होतं. चेहरा उजळला तर नजर आधी तिथेच जाणार आणि डोंगर, ढग, सगळं मातीत जाणार, एवढं आता मावशीलाही कळत होतं. फोटो असाच ठेवावा असं तिला फार वाटलं. डोंगराच्या त्या कडेकडे ती बराच वेळ बघत राहिली.

मग तिने मालकाच्या चेहऱ्याभोवती नीट रेघ आखली आणि तेवढाच भाग उजळत नेला, भुवयांचे केस मोजता येतील इतका. फोटो पार बिघडला. तो तसाच तिने पानावर टाकला.